सजलेला झोपाळा, सुजलेले पाय

गरोदर बाईच्या डोक्यात वेणी माळायला आपल्याकडे पंचवीस बायका धावतात. पण तिच्या पायांखाली स्टूल सरकवायला एक माणूस उठेल तर शपथ! डोहाळजेवणाला धनुष्यबाण येतो, चंद्र येतो, पुठ्ठ्याची होडी येते. आणि उत्सवमूर्ती? ती पाहुण्यांबरोबर फोटोसाठी तासभर उभी. वर वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कारही तिनंच करायचा!

मी डॉक्टर नव्हे, बी.कॉम. आहे, तेव्हा हिशेबानं बोलतो. या दिवसांत अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं. आमच्या शाखेच्या ठेवी एवढ्या वाढल्या तर मॅनेजर पेढे वाटतील. पण इथे परतीची वाट अडते. वाढतं गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरेवर भार टाकतं, पायांतलं रक्त वर चढताना रेंगाळतं आणि संध्याकाळपर्यंत पावलं टम्म! सांधे सैलावतात, पावलाची कमान बसते, चप्पल लहान होते. काहींना ती पुढे कायमचीच लहान होते. आता यात नखरा कुठे आला?

पण घरोघरी वाक्य तयार : "आम्ही नाही नवव्या महिन्यापर्यंत दळण-कांडण केलं?" केलंत ना, आजी! पाय तुमचेही सुजलेच असतील. विचारणारं कुणी नव्हतं, इतकंच. दुसरा सल्ला, "पाणी कमी पी." अहो, पाणी तोडून ही सूज उतरत नाही. उतरते ती पाय उंचावर ठेवून, कुशीवर निजून, थोडं चालून. यातल्या कशालाही कर्ज काढावं लागत नाही. मात्र चेहरा-हात एकाएकी सुजले, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर "होतंच असं" म्हणणाऱ्यांना बाजूला सारून तडक डॉक्टरकडे जाऊन रक्तदाब तपासा.

१९६१च्या प्रसूती लाभ कायद्यात तरतूद होती : बाळंतपणाआधीच्या ठरावीक काळात बाईनं मागणी केल्यास तिला फार वेळ उभं राहण्याचं काम देऊ नये. "मागणी केल्यास"! म्हणजे आधी साहेबासमोर उभं राहून अर्ज द्या. २०१७ साली रजा बारा आठवड्यांची सव्वीस झाली. दुकानातल्या नोकरांना बसायला मिळावं म्हणून केरळनं २०१८ साली आणि तमिळनाडूनं २०२१ साली कायदा केला. बसण्यासाठी कायदा लागतो, यातच आपलं काय ते आलं!

म्हणून माझं एकच म्हणणं. झोपाळा दोन तास मिरवतो, स्टूल वर्षानुवर्षं टिकतं. ओटीतल्या नारळाबरोबर एक स्टूलही द्या. बाळंतपणानंतर त्यावर चढून बाळाच्या बापाला दोरीवर लंगोट वाळत घालता येतील.