चलनी नाण्याची अवहेलना

धुळ्याच्या पाचकंदिलात किंवा जळगावच्या फुले मार्केटात भाजीवालीच्या हातावर दहा रुपयांचे नाणे ठेवले, की ‘हे चालत नाही, नोट द्या’ असे उत्तर अनेकदा ऐकावे लागते. तिला दोष देण्यास आमचे मन धजत नाही. तेच नाणे पुढे किराणा दुकानदार घेणार नाही, हे ती जाणून असते. परंतु सोन्याची पारख करणाऱ्या जळगावात राजमुद्रेचे नाणे खोटे ठरावे, हा प्रकार लाजिरवाणा होय.

कायद्यात संदिग्धता नाही. २०११ च्या नाणेविषयक कायद्यानुसार रुपया व त्यावरील नाणी एक हजार रुपयांपर्यंतच्या देण्यास वैध आहेत. पावली ३० जून २०११ नंतर चलनातून गेली, ती सरकारने रीतसर जाहीर करून. नाणे बंद होते ते अशा घोषणेने, अफवेने नव्हे.

तथापि, अफवेला जागा कोणी करून दिली? दहा रुपयांचे नाणे २००९ मध्ये चलनात आले, आणि जानेवारी २०१८ मध्ये त्याचे चौदाही प्रकार वैध असल्याचा खुलासा रिझर्व्ह बँकेस करावा लागला. एका किमतीचे चौदा चेहरे! रुपयाचे नवे चिन्ह २०११ पासून नाण्यांवर आले, तेव्हा चिन्हाविना असलेली जुनी नाणी संशयास पात्र झाली, यात नवल ते काय?

१ एप्रिल १९५७ रोजी याहून मोठी उलथापालथ झाली होती. चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. पण त्या नाण्यांची घडणच बोलकी होती. एक पैसा गोल, पाच पैसे चौकोनी, दोन व दहा पैसे नागमोडी कडांचे, पण लहानमोठे. निरक्षराच्या बोटांनाही किंमत कळे. पुढे २००७ च्या सुमारास एक व दोन रुपयांची पोलादी गोल नाणी निघाली, ती डोळसांनाही चकवीत. वीस रुपयांच्या बारा बाजूंच्या नाण्यात मात्र जुने शहाणपण परतलेले दिसते.

आमची मागणी साधी आहे. नाणी स्वीकारण्याचा रिझर्व्ह बँकेचा आदेश बँकांनी खिडकीवर पाळावा. व्यापाऱ्यांनी दुकानात ‘येथे दहाचे नाणे चालते’ अशी पाटी लावावी. आणि सरकारने स्मारक-नाण्यांची हौस नित्याच्या चलनापासून दूर ठेवावी. मोठ्या पेढीवाल्याला नाणे नाकारणे परवडते. दिवसाच्या कमाईत अशी पाचसात नाणी अडकली, तर हातगाडीवाल्याचे संध्याकाळचे पीठ अडते.