आपला इतिहास सॉफ्टवेअर कंपनीच्या मर्जीवर सोडू नका

बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ मध्ये झाले. त्यांचे ‘रिडल्स इन हिंदुइझम’ राज्य शासनाच्या चौथ्या खंडात छापून आले ते १९८७ मध्ये. ३१ वर्षे कागद टिकला, म्हणूनच वसंत मून यांना ते संपादित करता आले. आज आपण संगणकावर जे लिहितो, ते ३१ वर्षांनी कुणाला वाचता येईल का?

नव्वदीनंतरच्या आपल्या कितीतरी पुस्तिका, स्मरणिका, विशेषांक श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप झाले आणि पेजमेकरमध्ये लावले गेले. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. आज ती फाइल उघडलीच, आणि तो फॉन्ट नसला, तर ‘समता’च्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. कागदाला लागलेली वाळवी डोळ्यांना दिसते. फाइल मात्र गुपचूप मरते.

“पीडीएफ आहे ना!” असे कार्यकर्ते म्हणतात. पण नुसती स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो. त्यात शब्द शोधता येत नाही, अंध वाचकाच्या मोबाइललाही तो वाचून दाखवता येत नाही.

उपाय फुकट आहे. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा आणि त्याला एचटीएमएल किंवा एक्सएमएलच्या खुणा द्या. हे शीर्षक, ही तळटीप, हे मूळ अंकातले पान, अशा या खुणा साध्या अक्षरांतच लिहिलेल्या असतात. उद्या एखादी कंपनी बुडाली तरी ती फाइल नोटपॅडमध्येसुद्धा वाचता येते. बाबासाहेब जिथे शिकले त्या कोलंबिया विद्यापीठाच्या प्रा. फ्रान्सिस प्रिचेट यांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ वेबवर असेच परिच्छेदवार मांडले आहे.

हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. बाबासाहेबांच्या नावावर बनावट वाक्ये रोज फिरतात. खंड, पान आणि तारीख यांची खूण सोबत असलेला मजकूर हेच त्याला उत्तर आहे. ज्यांचा इतिहास इतरांनी लिहिला, त्यांनी तरी आपला पुरावा असा उघड्यावर टाकू नये.

ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत आपली मुलेमुली दुसऱ्यांचा डेटा सांभाळतात. त्यांनी महिन्याला एक जुनी पुस्तिका युनिकोडमध्ये आणावी, मूळ प्रतीशी ताडून पाहावी आणि तिच्या प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात. ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात ग्रंथालय आहे. त्यातली एक प्रत तिथे द्यावी. जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा या कामाला मिळालाच पाहिजे.

जय भीम!