क्रियापद कुठे आहे?

"वडील यंत्रमागावर. आई विड्यांवर. आम्ही चार भावंडे. घर पूर्व भागात."

आठवीत 'माझे घर' या निबंधाची सुरुवात मी अशी केली होती. वही परत आली तेव्हा प्रत्येक वाक्याखाली तांबडी रेघ आणि समासात प्रश्न : 'क्रियापद कुठे आहे?' वर्ग हसला. "घरी तेलुगू बोलतात ना, म्हणून असं," मागून कोणीतरी म्हणाले. तेव्हापासून मी प्रत्येक वाक्याला 'आहे'चे शेपूट लावीत आलो.

आज मला स्पष्ट म्हणावेसे वाटते, की ती वाक्ये चुकीची नव्हती. आमच्या सोलापुरात तेलुगू माणूस 'इदि मा इल्लु' म्हणतो, कन्नड माणूस 'इदु नम्म मने' म्हणतो आणि मराठी माणूस 'हे आमचं घर'. तिन्हींत शब्द तीनच, आणि क्रियापद एकातही नाही. मग दोष एकट्या तेलुगूचा कसा? 'अति तेथे माती', 'घरोघरी मातीच्या चुली', 'गर्वाचे घर खाली' यांत कोणी क्रियापद शोधून दाखवावे! दूरच्या फ्रेंचांची 'तेल पेर, तेल फिस', म्हणजे 'जसा बाप तसा लेक', ही म्हणही क्रियापदावाचूनच.

व्याकरण म्हणते, तेथे 'आहे' अध्याहृत असते. असेल. पण पाहुण्याला दाखवताना 'हे आमचं घर' एवढे पुरते. 'हे आमचं घर आहे' असे ठासून सांगावे लागते, ते बहुधा कोणी शंका घेतली म्हणजे.

क्रियापद नकोच, असे मात्र माझे म्हणणे नाही. 'आजोबा जुने विणकर' हे वाक्य गेल्या वर्षापर्यंत पुरत होते. आता 'होते' लिहिल्यावाचून सुटका नाही. तेथे क्रियापद गाळले तर वाक्य खोटे ठरेल.

म्हणून गुरुजनांना नम्र विनंती, की तांबडी रेघ मारण्यापूर्वी वाक्य एकदा मोठ्याने वाचून पाहावे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. घरची भाषा उंबऱ्याबाहेर ठेवून ये, असे माझ्या धाकट्या भावंडांना तरी कोणी सांगू नये.

मागच्या महिन्यात तो जुना निबंध आईला वाचून दाखविला. तिला लिहितावाचता येत नाही. विडीचा दोरा गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "बरोबर की सगळं."

— द्वितीय वर्ष, कला