शिकवणाऱ्याचा पक्ष

भाचीची समजूत घालण्याचे काम नेमके मामाकडेच का येते, हे मला अद्याप उमगलेले नाही. आई रागावते, बाप ओरडतो, आणि दोघेही थकले की मामाला बोलावणे जाते. मामाच्या खिशात पूर्वी गोळ्या असत, त्या आठवणीवर पोर अजून वळेल, अशी बिचाऱ्यांची आशा असावी.

२०१८ च्या राखीपौर्णिमेला मी आक्काकडे बोरी बुद्रुकला गेलो तो अशाच कामगिरीवर. पौर्णिमा रविवारी होती. आक्काने मला शुक्रवारीच बोलावून घेतले. ‘तू प्रोफेसर आहेस, तुझं ऐकेल ती,’ हे तिचे म्हणणे. माझ्या वर्गातली साठ मुले माझे किती ऐकतात, हे मी बहिणीला कधी सांगितलेले नाही.

नारायणगाव मागे टाकून आत वळले की कुकडीकाठचे हे गाव लागते. कांदा, ऊस आणि टोमॅटो यांत बुडालेले. भूगर्भशास्त्राच्या लोकांना मात्र ते निराळ्याच कारणाने ठाऊक आहे. येथे नदीच्या काठाला ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडतो आणि आदिमानवाची दगडी हत्यारेही. ही राख आली इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरून, तोबा ज्वालामुखीच्या उद्रेकातून. त्या शुक्रवारी, २४ ऑगस्टला, बोरीची सारी मंडळी पुन्हा त्याच देशाकडे डोळे लावून बसली होती. जकार्ताला आशियाई क्रीडास्पर्धा चालू होत्या आणि बायकांच्या कबड्डीचा अंतिम सामना होता, भारत विरुद्ध इराण.

घरात आदल्या दिवसाचे सुतक होतेच. १९९० पासून ओळीने सात वेळा सुवर्णपदक आणणारा आपला पुरुषांचा संघ उपांत्य सामन्यात इराणकडूनच हरला होता. आता सगळी भिस्त मुलींवर. २०१० साली ग्वांगझूला आणि २०१४ साली इंचॉनला त्यांनीच सुवर्ण जिंकले होते. इंचॉनच्या अंतिम सामन्यात तर याच इराणला ३१-२१ असे हरवले होते.

माझी भाची तेव्हा बारावीत होती. शाळेच्या संघात डावा कोपरा सांभाळायची. गुडघे कायम खरचटलेले. तिला पुढे शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन मार्गदर्शक व्हायचे होते, आणि दाजींना ते मुळीच पसंत नव्हते. ‘खेळलीस तेवढं पुष्कळ झालं. शिट्टी वाजवून पोट भरतं का कुणाचं?’ एवढाच त्यांचा प्रश्न, आणि तो काही खोटा नव्हता. मला या प्रश्नाची बाजू मांडायची होती. चहा घेऊन मी घसा खाकरला, तोच भाची म्हणाली, ‘मामा, आधी मॅच.’

सामना सुरू झाला. पूर्वार्धात आपण पुढे होतो, घर खुशीत होते. उत्तरार्धात चित्र पालटले. डोक्याला घट्ट रुमाल बांधलेल्या त्या इराणी मुली साखळी करून उभ्या राहत, आपली चढाई आत येऊ देत, आणि मग एकदम घेर आवळत. शेवटी २७-२४. तीन गुणांनी आपले सुवर्ण गेले. दाजींनी टीव्ही बंद केला. आक्का निमूटपणे स्वयंपाकघरात गेली.

आणि कोपऱ्यातून टाळी वाजली.

आक्काचे सासरे, आम्ही सारे त्यांना नाना म्हणतो, शांतपणे टाळ्या वाजवीत होते. नाना निवृत्त प्राथमिक शिक्षक. आयुष्यभर फक्कीच्या रेघा आखून त्यांनी गावोगावच्या पोरांना हुतूतू शिकवला. दाजी चिडून म्हणाले, ‘नाना, आपण हरलो!’

‘कळतंय मला,’ नाना म्हणाले. ‘पण शिकवलंय कुणी, ते बघ.’

शिकवले होते नाशिकच्या शैलजा जैन यांनी. बोरीहून आळेफाटा गाठावा आणि सरळ उत्तरेकडे जावे, तर त्याच रस्त्याच्या टोकाला नाशिक. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत बाईंची हकीकत आली आणि भाचीने ती मोठ्याने वाचून दाखवली. स्वतः कबड्डीच्या मैदानावर वाढलेल्या या बाईंनी महाराष्ट्रात मार्गदर्शक म्हणून उणीपुरी तीन दशके घालवली. भारताच्या संघाला शिकवावे ही त्यांची मनापासून इच्छा; तो योग काही आला नाही. बोलावणे आले ते इराणचे. साठीच्या उंबरठ्यावर बाई तेहरानला गेल्या. भाषा परकी, जेवण परके, त्यात बाई शाकाहारी. त्यांनी फारसी शिकून घेतली. मुलींना योगासने आणि प्राणायाम करायला लावले. ज्या खेळात सगळा कारभार दमावर चालतो, तिथे श्वासापासून सुरुवात केली. सुमारे दीड वर्षात त्या मुली आशियात पहिल्या आल्या.

‘म्हणजे घरचा भेदी!’ दाजी म्हणाले.

मला इथे एक परदेशी दाखला आठवला. ऑस्ट्रेलियाचा वेन बेनेट हा रग्बी लीग या खेळातला खेळाडू. कबड्डीसारखीच तिथेही अंगाला अंग भिडते आणि धावणाऱ्याला पकडून लोळवावे लागते. तरुणपणी तो ऑस्ट्रेलियाकडून खेळला, पुढे नामांकित मार्गदर्शक झाला, आणि २०१७ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्वतःच्याच देशाविरुद्ध इंग्लंडचा संघ घेऊन उतरला. त्याचा संघ ६-० असा हरला. बाईंचा जिंकला, एवढाच फरक. हे मी दाजींना सांगितले. ते म्हणाले, ‘हरला ना? मग ठीक आहे.’

नाना हसले आणि माझ्याकडे वळले. ‘पाव्हणे, तुम्ही शिकवता. तुम्ही सांगा. बाईंनी काय करायला हवं होतं? निम्मंच शिकवायचं?’

मी उत्तर दिले नाही. मला देता येईना. कारण पंधरा वर्षांपूर्वीचा एक वक्ता मला आठवत होता. माझा विद्यार्थी. दोन वर्षे मी त्याच्या भाषणांवर मेहनत घेतली होती. कुठे थांबायचे, कुठे आवाज खाली आणायचा, सारे पढवले होते. तिसऱ्या वर्षी तो दुसऱ्या महाविद्यालयात गेला आणि स्पर्धेत त्याने आमच्याच संघाला हरवले. शेवटचे वाक्य त्याने मी शिकवले तसेच, अगदी हळू आवाजात टाकले. सभागृह स्तब्ध झाले. नंतर तो नमस्काराला आला, तर मी घड्याळाकडे पाहत दुसऱ्या दाराने निघून गेलो. शिष्याकडून पराभव व्हावा अशी इच्छा धरावी, हे मी वर्गात सांगत आलो आहे. ते सोसणे मला जमले नव्हते.

भाचीला मी चार शब्द सांगितलेच नाहीत. दाजींना मात्र सांगितले, ‘तीन वर्षांची पदवी होऊ द्या, मग पाहू.’ राखी बांधताना आक्का माझ्याकडे रागाने पाहत होती आणि नाना पेढा चघळीत होते.

२०२३ च्या ऑक्टोबरात हांगझोला आपल्या मुलींनी चिनी तैपेईला २६-२५ असे हरवून सुवर्ण परत आणले. भारताचे त्या स्पर्धेतले ते शंभरावे पदक. ते पाहायला नाना नव्हते. भाची पदवीधर झाली, बी. पी. एड्. झाली, आणि गेल्या वर्षापासून तालुक्यातल्याच एका शाळेत मुलींना शिकवते. पगार बेताचा आहे. दाजींचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

परवा रात्री तिचा फोन आला. तिच्या संघातली सगळ्यात चपळ मुलगी वडिलांची बदली झाल्यामुळे दुसऱ्या शाळेत गेली होती. नेमकी त्या शाळेशी गाठ पडली, आणि शेवटच्या चढाईत त्या मुलीने हिच्या संघाची चढाई घोट्यात पकडून सामना खिशात घातला.

‘हरलो, मामा,’ ती म्हणाली. आवाज भरलेला होता. थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, ‘पण पकड काय सुंदर लागली रे! सहा महिने घोटवून घेतली होती मी तिच्याकडून.’

‘भेटलीस तिला?’

‘म्हणजे काय! आधी तिलाच उचलून घेतलं. मग आमच्या मुलींकडे गेले.’

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून होतो. मग कपाटातून जुनी वही काढली. त्या वक्त्याचा पत्ता तीत होता. अजून तो तिथेच राहतो की नाही, कोण जाणे. दिवाळीच्या शुभेच्छांचे पत्र लिहायला घेतले. ‘त्या दिवशी तू फार चांगला बोललास,’ हे पहिलेच वाक्य लिहायला मला तासभर लागला.