यकृताचा जमाखर्च

पेढीवर दिवसाचे दहा-बारा तास बैठे काम करणाऱ्या एका गृहस्थांच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ असा निष्कर्ष आला आणि सारे कुटुंब चक्रावून गेले. घरात पिढ्यान्‌पिढ्या मद्याचा थेंब नाही, आहार शुद्ध शाकाहारी. मग यकृताला हा विकार जडला कसा?

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. लुडविग व सहकाऱ्यांनाही १९८० साली मद्य न घेणाऱ्या रुग्णांच्या यकृतात मद्यपींसारखेच बदल आढळले आणि या विकाराला स्वतंत्र नाव मिळाले.

सुमारे दीड किलो वजनाचे यकृत हे शरीराचे कोठार होय. अन्नातील साखरेचा काही भाग ते ग्लायकोजेनच्या रूपात साठवते. परंतु ही जागा जेमतेम शंभर ग्रॅमची. ती भरली की उरलेल्या साखरेची चरबी होऊ लागते. त्यातच पोट सुटले आणि हालचाल घटली की शरीर इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही. मग पोटाच्या चरबीतून मेदाम्ले अखंड रक्तात उतरतात व यकृताकडे वाहतात. यकृतात साचणाऱ्या चरबीचा सर्वांत मोठा हिस्सा याच वाटेने येतो. जमा वाढत राहते, खर्च होत नाही. पाच टक्क्यांहून अधिक पेशींत चरबी दिसली की त्यास विकार म्हणतात. अंगाने सडपातळ असूनही पोटाचा घेर वाढलेल्या माणसासही तो जडू शकतो.

या अवस्थेत बहुधा काहीच दुखत नाही, हाच खरा धोका. काही रुग्णांत पुढे पेशींना सूज येते, व्रण पडून यकृत कठीण होत जाते आणि अखेर सिरोसिस होतो. तेथून परतणे अवघड.

त्याआधी मात्र वाट मोकळी असते. वजन सात ते दहा टक्क्यांनी, म्हणजे ऐंशी किलोच्या माणसाने सहा ते आठ किलोंनी, सावकाश उतरवले तर चरबी व सूज दोन्ही ओसरू शकतात. चौविहार पाळणाऱ्या घरांतही सूर्यास्तापूर्वी घाईघाईने भरपेट जेवण होते आणि उपवासाचे पारणे मिठाईने सुटते. भुकेपेक्षा चार घास कमी घेण्याचे ऊनोदरी तप पूर्वजांनी सांगितलेच आहे. त्याला रोज अर्धा तास झपझप चालण्याची आणि वैद्यकीय सल्ल्याची जोड हवी.

त्या गृहस्थांच्या घरी आता दुपारच्या ताटातील श्रीखंडाची वाटी सणापुरती उरली आहे, आणि पेढीवर ते पायी जातात.