तेलामोनचा निकाल तलवारीने लावला नाही

इ. स. पू. २२५ मध्ये इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर, तेलामोनजवळ रोमनांनी गॉलांच्या मोठ्या फौजेचा धुव्वा उडवला. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या हिशेबाने सुमारे ४०,००० गॉल पडले आणि किमान १०,००० कैद झाले. या लढाईचा ठरीव निष्कर्ष असा: गॉल शूर, पण बेशिस्त, उघड्या अंगाने लढणारे, घावासरशी वाकणाऱ्या तलवारी बाळगणारे, रोमच्या शिस्तीपुढे त्यांचा टिकाव लागणार तरी कसा? हा निष्कर्ष लंगडा आहे, आणि तो खोडून काढायला रोमचा चाहता पॉलिबियसच पुरेसा आहे.

आधी तलवार घेऊ. वाकलेले पाते जमिनीवर टेकवून पायाने सरळ करणारा गॉल पॉलिबियसने रंगवला आहे खरा, पण तो दोन वर्षांनंतरच्या, इन्सुब्री टोळीशी झालेल्या लढाईत. तेलामोनच्या वर्णनात तो म्हणतो ते इतकेच, की ही तलवार तोडायच्या कामाची, भोसकायच्या नव्हे. उत्तर फ्रान्समध्ये गुर्ने-स्युर-आरोंद येथील देवस्थानात मुद्दाम वाकवलेली, मोडलेली शस्त्रे ढिगाने सापडली आहेत. असा विधी पाहूनच ती कथा जन्मली असावी, हा फ्रेंच पुरातत्त्वज्ञ सालोमाँ रेनाक यांनी १९०६ मध्ये मांडलेला तर्क बिनतोड नसला तरी विचारात घ्यावाच लागतो. गॉलांच्या, म्हणजेच केल्टिक, तलवारींच्या तपासण्यांत मऊ लोखंडाची पाती आढळली, तशी उत्तम घडणीचीही आढळली.

आता उघडे अंग. सगळे गॉल तसे लढत नव्हते; लढत होते ते आल्प्सकडून आलेले भाडोत्री गेसाती. झुडपांत कपडे अडकतात, म्हणून त्यांनी ते उतरवले. लहान ढालींमुळे रोमन भाल्यांनी त्यांची चाळण केली, हे मान्यच केले पाहिजे. पण मागच्या बोई आणि इन्सुब्री टोळ्या विजारी व अंगरखे घालून उभ्या होत्या आणि त्या रांगा तेवढ्याने फुटल्या नाहीत.

बेशिस्तीचा आरोप तर साफ खोटा. पुढून एक रोमन सैन्य, मागून दुसरे, अशा कात्रीत सापडल्यावर गॉलांनी पाठीला पाठ लावून दोन्ही दिशांना तोंड केले आणि दोन्ही टोकांना रथ व गाडे उभे केले. या रचनेची वाखाणणी पॉलिबियसच करतो. बाजूच्या टेकडीवरच्या घोडदळाच्या चकमकीत पुढच्या रोमन सैन्याचा सेनापती, कॉन्सल अतिलियस मारला गेला. तरी टेकडी शेवटी रोमनांकडे गेली. त्यांचे स्वार तिथून गॉल पायदळाच्या कुशीवर कोसळले, तेव्हा फळी मोडली.

मग रोम जिंकले कशामुळे? पहिले कारण योगायोग. तेलामोनच्या आधी फेसुलीजवळ रोमनांचे सुमारे ६,००० लोक मारून गॉल लूट घेऊन घरी परतत होते आणि कॉन्सल पापस त्यांच्या मागावर होता. अतिलियस सार्डिनियाहून पिसाला उतरून रोमकडे निघाला होता, म्हणजे नेमका गॉलांच्या समोरून. पापस गॉलांच्या पाठीवर आहे, हे त्याला पकडलेल्या गॉलांकडून कळले. दुसरे आणि मोठे कारण मनुष्यबळ. युद्धापूर्वी रोमने मित्रराज्यांकडून शस्त्र धरू शकणाऱ्या पुरुषांच्या याद्या मागवल्या. रोमन आणि मित्र मिळून पॉलिबियस बेरीज ७,००,००० पायदळ आणि ७०,००० घोडदळाहून अधिक देतो. आकडा फुगवलेला असला, तरी यादी करण्याची ती व्यवस्था खरी होती. गॉलांकडे शौर्य होते, रचना होती. एक फौज बुडाल्यावर दुसरी उभी करणारे असे तंत्र नव्हते.

याची कसोटी ९ वर्षांनी लागली. इ. स. पू. २१६ मध्ये कान्नीच्या लढाईत कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्या मध्यफळीत गॉलही होते. पॉलिबियस म्हणतो, तलवार तीच, फक्त तोडणारी. अंगेही तशीच उघडी. या वेळी वेढ्यात रोमन सापडले आणि त्यांची कत्तल उडाली. शस्त्रांनीच निकाल लावायचा असता, तर हा निकाल उलटा लागला नसता. आणि कान्नीनंतरही रोमने नवी सैन्ये उभी केली, ती त्याच याद्यांच्या आणि टिकून राहिलेल्या मित्रांच्या बळावर. तेलामोनचे श्रेयही तिथेच द्यायला हवे.