गोळ्यांनी पोरगी फुगते?

माझी पुतणी १६ वर्षांची, अकरावीत. गेल्या वर्षी तिची पाळी सुरू झाली की पंधरा-पंधरा दिवस थांबायचीच नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून हार्मोनच्या गोळ्या दिल्या आणि पाळी ताळ्यावर आली.

मग गल्लीतल्या एकीनं पाकीट पाहिलं. "अगं, ह्या तर पोर होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या! फुगंल की ती. मग स्थळं कुठली यायची?" झालं! जाऊबाईंनी त्याच रात्री गोळ्या बंद केल्या. पुढच्या पाळीत हिमोग्लोबिन सहावर आलं, रक्त चढवावं लागलं. आणि दवाखान्यातल्या खाटेवर पोरगी मला विचारते काय, "काकी, मी लई जाड दिसतोय का गं?" (आपल्या कोल्हापुरात पोरीही 'दिसतोय'च म्हणतात.) मला रडावं की चिडावं कळेना.

मैत्रिणींनो, या रोजच्या गोळ्यांनी वजन फारसं वाढतं, असं तुलना करून झालेल्या अभ्यासांत दिसलेलं नाही. सुरुवातीला थोडं अंग जड वाटतं, पाणी साठतं, इतकंच. शिवाय या वयात पोरींचं अंग भरतंच. पीसीओडी असेल तर त्या आजारानंच वजन वाढतं आणि नाव मात्र गोळीचं होतं.

तीन महिन्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनची गोष्ट वेगळी. २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत ते 'अंतरा' नावानं मिळतं. त्यानं काहींचं वजन खरंच वाढतं, आधीच जाड असलेल्या कोवळ्या पोरींचं जास्त. पहिल्या सहा महिन्यांत पन्नास किलोच्या मुलीचं अडीच किलोहून जास्त वाढलं, तर पुढंही वाढण्याची शक्यता असते. तेव्हा डॉक्टरांना दुसरा उपाय विचारायचा. ही दोन औषधं आपण एकाच माळेत ओवतो, तिथंच चुकतं.

आणि एक गंमत सांगू? गौरी-गणपती आले की पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आपण मेडिकलमधून बिनदिक्कत आणतो. त्याही हार्मोनच्याच! तेव्हा कुणाला वजन आठवत नाही, डॉक्टर आठवत नाही.

पुतणीच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्यात. जाऊबाई दर महिन्याला तिचं वजन वहीत लिहितात. तीन महिन्यांत पाऊण किलो! ती वही घेऊन त्या शेजारणीकडं निघाल्या होत्या, मीच हात धरून थांबवलं. पोरीचं वजन गल्लीला कशाला?